नाव, गाव आणि ओटीपी

(अमरावती येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मजकूर)



गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा पुण्यतिथी महोत्सव भरतो. दुपारचे ४ वाजून ५८ मिनिटे झाली की अफाट समुदाय जागच्या जागी स्तब्ध होतो आणि मौन श्रद्धांजली होते. त्या मौनात उभे राहायला कुणालाही आधी नाव नोंदवावे लागत नाही. अकोल्यात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन कावडी राजराजेश्वराकडे निघतात. एखाद्या शिवभक्ताने रस्त्यात कावडीला खांदा द्यायचा ठरवला, तर तो देतो आणि चालू लागतो. वऱ्हाडातले सगळ्यात मोठे सोहळे असे उघड्या दाराचे आहेत. हे मी सुरुवातीलाच सांगते, कारण यापुढचे सगळे बोलणे दारावर थांबवून नाव विचारण्याबद्दल आहे, आणि नाव न विचारताही मोठी कामे होतात याची आठवण आयोजकांनी ठेवली पाहिजे.

पण काही कार्यक्रमांना यादी लागतेच. भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांच्या जयंतीच्या सुमारास, डिसेंबरअखेरीला, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात प्रदर्शन भरते. तिथे दालन कुणाचे, वीज किती लागणार, गाडी कुठून आत येणार, हे आधी ठरवावे लागते. १९१४ पासून उभ्या असलेल्या आपल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्थेत स्पर्धा घ्यायची तर वयोगट, वजनगट, मुक्कामाची सोय हे सारे नावानिशी हवे. साहित्य संमेलन घ्या. अकोल्यात १९१२ साली हरि नारायण आपट्यांच्या अध्यक्षतेखाली ते भरले, पुन्हा १९८१ साली गो. नी. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली भरले. अमरावतीत १९८९ साली के. ज. पुरोहित अध्यक्ष होते. बाहेरगावचे प्रतिनिधी किती, त्यांची उतरायची आणि जेवणाची व्यवस्था कुठे, हे कळल्याशिवाय संमेलन उभे राहत नाही. म्हणून मांडवाच्या तोंडाशी नोंदणीचे टेबल असते आणि तिथे एक कार्यकर्ता वही घेऊन बसतो.

आता हे टेबल मोबाइलच्या स्क्रीनवर गेले आहे, आणि जाता जाता त्याचा स्वभाव बदलला आहे. टेबलावरचा कार्यकर्ता विचारायचा: नाव काय, गाव कोणते, किती जण आहात? स्क्रीन विचारते: ईमेल, पासवर्ड, पुन्हा पासवर्ड, त्यात एक मोठे इंग्रजी अक्षर आणि एक चिन्ह, जन्मतारीख, लिंग, पिनकोड, आणि शेवटी वेड्यावाकड्या अक्षरांचे चित्र. माणूस शेतीचे प्रदर्शन पाहायला आलेला असतो. मी कार्यक्रमांच्या वेबसाइटींची रचना करते आणि आयोजकांशी माझा वाद इथूनच सुरू होतो. माझे म्हणणे एवढेच असते की टेबलावरच्या कार्यकर्त्याने जे विचारले असते तेवढेच स्क्रीनने विचारावे. त्याच क्रमाने विचारावे. आणि ज्याच्याकडे फोन नाही किंवा ज्याला लिहिता येत नाही, अशा माणसासाठी तो कार्यकर्ता जसा खुर्चीवरून उठला असता, तशी काहीतरी सोय स्क्रीनच्या आगेमागेही असावी.

पहिला प्रश्न खात्याचा. नोंदणी म्हणजे यादीत नाव, तर खाते म्हणजे टिकणारा संबंध. आपल्याला हवी असते यादी, आणि आपण बांधतो खाती. तीन दिवसांच्या मेळाव्यासाठी माणसाकडून पासवर्ड घेतो. पुढच्या वर्षी तो येतो तेव्हा पासवर्ड विसरलेला असतो, ईमेल कुणी काढून दिला होता तेही आठवत नसते, म्हणून तो नवे खाते उघडतो. यादीत एकाच माणसाची दोन नावे होतात आणि आयोजक म्हणतात, लोकांना वेबसाइट वापरता येत नाही.

असे फक्त आपल्याकडे होते असे नाही. जॅरेड स्पूल या अमेरिकन तज्ज्ञाने सांगितलेली एक हकीगत आमच्या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. एका मोठ्या विक्रीच्या वेबसाइटवर वस्तू निवडून झाल्यावर लॉगिन करा किंवा नोंदणी करा, अशी स्क्रीन यायची. नव्या ग्राहकांना वाटायचे, मला यांच्याशी नाते जोडायचे नाही, वस्तू घ्यायची आहे. जुन्यांना पासवर्ड आठवायचा नाही. नोंदणीचे बटण काढून तिथे पुढे जाण्याचे बटण ठेवले, आणि खरेदीसाठी खाते उघडण्याची गरज नाही असे एक वाक्य लिहिले. पहिल्या वर्षात विक्री ३० कोटी डॉलरने वाढली, असे स्पूल सांगतात. आपल्या संमेलनाच्या हिशेबात डॉलर नाहीत, पण अर्ध्यावर सोडून गेलेले प्रतिनिधी आहेत, आणि ते आपल्याला कधी दिसतच नाहीत. टेबलावरून परत फिरलेला माणूस निदान पाठमोरा तरी दिसायचा.

खाते कुणाला द्यावे? दरवर्षी दालन लावणाऱ्या बियाणे विक्रेत्याला द्यावे, कारण त्याची कागदपत्रे पुन्हा पुन्हा लागतात. शाळेचा अख्खा संघ घेऊन येणाऱ्या क्रीडाशिक्षकाला द्यावे, कारण त्याला खेळाडूंची नावे टप्प्याटप्प्याने भरायची असतात. बाकीच्यांची नोंदणी आधी पूर्ण होऊ द्यावी आणि मग शेवटी विचारावे, पुढच्या वर्षी हीच माहिती वापरायची आहे का? नाही म्हणणाऱ्यालाही त्याची पावती मिळालीच पाहिजे.

आता समोरचा माणूस कोण ते पाहू. आपल्या सगळ्या फॉर्मांच्या मुळाशी एक गृहीत असते: एक माणूस, एक फोन, एक क्रमांक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. स्वतः वापरायचा असा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात जेमतेम ५४ टक्के निघाल्या. म्हणजे महिला मेळाव्याची नोंदणी करताना येणारा क्रमांक नवऱ्याचा, मुलाचा किंवा शेजारणीचा असणार हे धरून चालले पाहिजे. ‘हा क्रमांक आधीच वापरला आहे’ असे लाल अक्षरांत सांगणारी स्क्रीन त्या घरातल्या दुसऱ्या बाईला परत पाठवते.

कोविनने हे ओळखले होते, आणि त्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. लसीकरणाच्या त्या पोर्टलवर मोबाइल क्रमांक आणि ओटीपी एवढ्यावर आत जाता येत होते. पासवर्ड नव्हता. एका क्रमांकावर चार जणांची नावे बसत, जानेवारी २०२२ मध्ये ती मर्यादा सहा झाली. घरात एकच फोन असतो हे वास्तव रचनेतच धरले होते. पण सुरुवातीला पोर्टल इंग्रजीत होते आणि फोन हेच दार होते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये डिजिटल दरीचा प्रश्न उपस्थित केला. त्याच महिन्यात सरकारी केंद्रांवर १८ ते ४४ वयाच्या लोकांना जागेवर नोंदणीची मुभा मिळाली, आणि जूनमध्ये मराठीसह इतर भारतीय भाषा आल्या. इतक्या मोठ्या यंत्रणेलाही शेवटी वहीचे टेबल पुन्हा मांडावे लागले. आपल्या कार्यक्रमात ते पहिल्या दिवसापासून मांडलेले असावे.

टाळेबंदीनंतर नोव्हेंबर २०२० मध्ये मंदिरे उघडली तेव्हा शेगावच्या दर्शनासाठी ई-पास काढावा लागत होता, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. ज्यांनी आयुष्यात कधी ऑनलाइन फॉर्म भरला नव्हता, अशा घरांतही त्या महिन्यांत नातवंडांनी आजी-आजोबांसाठी पास काढले. फॉर्म भरणारा एक आणि येणारा दुसरा, ही आपल्याकडची रोजची गोष्ट आहे. नातू नसेल तर सेवा केंद्रवाला असतो. तो आपल्याच ईमेलने खाते उघडतो, पासवर्ड स्वतःच ठरवतो आणि कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून देतो. ते चिठोरे हरवले की माणसाचे खाते गेले. त्यामुळे फॉर्मच्या सुरुवातीला सरळ विचारावे: स्वतःसाठी नोंदवत आहात की दुसऱ्यासाठी? दुसऱ्यासाठी असेल तर येणाऱ्याचे नाव आणि, असेल तर, त्याचा क्रमांक वेगळा घ्यावा. पावती त्या दोघांनाही जावी. आणि केंद्रावरच्या संगणकावर एकाचे काम संपताच लॉगिन आपोआप बंद व्हावे, नाहीतर रांगेतल्या पुढच्या माणसाला मागच्याची माहिती दिसते.

ओटीपीविषयी थोडे सविस्तर बोलते, कारण तो आता सर्वांना पासवर्डपेक्षा सोपा वाटतो, आणि बहुतेक वेळा आहेही. पण त्याचे दार आपल्या हातात नसते. ८ मार्च २०२१ रोजी देशभर ओटीपी अडकले होते. व्यावसायिक संदेशांचे नमुने आधी नोंदवून घेण्याची आणि न जुळणारे संदेश रोखण्याची नवी व्यवस्था त्या दिवशी लागू झाली, आणि बँकांपासून सगळ्यांचे व्यवहार खोळंबले. दूरसंचार नियामकाने दुसऱ्याच दिवशी ती काही काळ थांबवली. एवढे देशव्यापी होणे विरळा, पण मेळघाटात ते रोजचे आहे. हरिसाल हे गाव २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून देशभर गाजले, तरी धारणी आणि चिखलदऱ्याच्या घाटांत फोनला रेंज मिळेलच असे आजही नाही. ओटीपीची मुदत दोन मिनिटांची ठेवली तर टेकडीवर चढून संदेश बघणाऱ्याच्या हातात तो येईपर्यंत मेलेला असतो. कार्यक्रमाच्या नोंदणीला बँकेची मुदत लावण्याचे कारण नाही. दहा मिनिटे द्यावीत, ‘पुन्हा पाठवा’ हे बटण स्पष्ट दिसावे, आणि ओटीपी आलाच नाही तर फोनवर बोलून नोंदणी करून देणाऱ्या कार्यकर्त्याचा क्रमांक तिथेच छापावा.

ओटीपीचा संदेश बहुधा इंग्रजीत येतो, त्यामागे पैशाचे कारण आहे. इंग्रजी लिपीतल्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे बसतात, देवनागरीतल्या एसएमएसमध्ये ७० खुणा. काना, मात्रा, अनुस्वार, वेलांटी यांतली प्रत्येक खूण वेगळी मोजली जाते. संदेश ७० च्या पुढे गेला की दोन संदेशांचे पैसे लागतात. म्हणून आयोजक इंग्रजीकडे वळतात. मग थोडके लिहायला शिकावे. ‘५८२१ हा तुमचा ओटीपी आहे. १० मिनिटांत वापरा. कोणाला सांगू नका.’ हा संदेश मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून ६१ खुणांत बसतो. यात काही अडले नाही, काही कमी पडले नाही, आणि वाचणाऱ्याला दुसऱ्या कुणाकडे फोन न्यावा लागला नाही.

यापुढचा भाग नावाचा. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्याकडे सर्वांत जास्त हेळसांड त्याचीच होते.

तिवसा तालुक्यात कुऱ्हा नावाचे गाव आहे. कुऱ्हाडे, कऱ्हाडे ही आडनावे आपल्या ओळखीची आहेत. वऱ्हाड हे आपल्या प्रदेशाचे नाव. या सगळ्यांत तो अर्धा र आहे, जो मराठीला हवा असतो आणि हिंदीला फारसा लागत नाही. संगणकात तो दोन प्रकारे लिहिला जातो. एक, खाली टिंब असलेल्या ऱ ला हलन्त जोडून. दोन, साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारी एक जोडखूण लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला ती दोन वेगळी नावे वाटतात. माणसाने घरी एका कीबोर्डवर नाव नोंदवले आणि प्रवेशद्वारावरच्या कार्यकर्त्याने दुसऱ्या कीबोर्डवर शोधले, तर उत्तर येते: असे नाव यादीत नाही. नाव आहे, पावती हातात आहे, तरी माणूस उन्हात उभा. नाव साठवताना आणि शोधताना दोन्ही रूपे एकात आणण्याचे काम प्रोग्रामरला एका दुपारीत करता येते. कुणी सांगितलेच नाही तर त्याला सुचणार कसे?

त्याहून वाईट म्हणजे नाव नाकारणारी स्क्रीन. अनेक फॉर्मांत ‘फक्त अक्षरे लिहा’ असा नियम मागे लिहिलेला असतो. तो नियम अक्षर म्हणजे काय हे युनिकोडच्या वर्गवारीवरून ठरवतो, आणि त्या वर्गवारीत क, ख, ग ही अक्षरे आहेत, पण काना, मात्रा आणि अनुस्वार या खुणांच्या वेगळ्या वर्गात आहेत. मग ‘मीरा’ नाव लिहिणाऱ्या मुलीला स्क्रीन सांगते की तुझ्या नावात चुकीची चिन्हे आहेत. स्वतःचे नाव स्वतःच्या लिपीत लिहिल्यावर चूक दाखवली जाणे, हे मी मुकाट्याने मान्य करू शकत नाही. लांबीचेही तसेच. ‘ज्ञानेश्वर’ कागदावर चार अक्षरांचे नाव आहे. यंत्राच्या मोजणीत त्याच्या १० खुणा होतात आणि साठवताना ३० बाइट लागतात. नावाच्या रकान्याला इंग्रजीच्या अंदाजाने जागा ठेवली की ज्ञानेश्वराचे आडनाव अर्धे कापले जाते, आणि प्रमाणपत्रावर तसेच छापले जाते.

मोबाइल क्रमांक देवनागरी आकड्यांत लिहिला तरी चालला पाहिजे. अनेक मराठी कीबोर्डांवर आकडे देवनागरी येतात, आणि माणूस ते लिहितो. पायथॉन या भाषेत आकडे ओळखण्याचा नेहमीचा नियम देवनागरी आकडेही ओळखतो. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टमधला तोच नियम फक्त इंग्रजी आकडे मानतो. त्यामुळे आत पोचला असता तर चालला असता असा क्रमांक स्क्रीनवरच नाकारला जातो. हे रूपांतर एका ओळीचे आहे.

नावाचे रकाने तीन करू नयेत. नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव, असे आपण सवयीने करतो. लग्नानंतर आडनाव न बदललेली स्त्री, आईचे नाव लावणारा मुलगा, फक्त एकच नाव वापरणारा माणूस, हे सगळे मधल्या रकान्यावर अडतात, आणि तो रकाना भरल्याशिवाय पुढचे बटण उजळत नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे, मग आडनाव, असा क्रम राज्याने लावला आहे. ही मुले शाळेच्या स्पर्धांना येतील तेव्हा तीन रकान्यांचे फॉर्म काय करणार? एकच रकाना ठेवावा: पूर्ण नाव, जसे प्रमाणपत्रावर हवे तसे. प्रमाणपत्र इंग्रजीतही द्यायचे असेल तर इंग्रजी स्पेलिंग त्याच माणसाला विचारावे. वानखडे आणि वानखेडे यांचे स्पेलिंग यंत्राने ठरवू नये.

भाषेची निवड पहिल्या स्क्रीनवर, वरच, आणि ज्या त्या लिपीत असावी. मराठी, हिंदी आणि इंग्रजी लागतातच. अकोला, बाळापूर, अचलपूर, अमरावती या गावांत उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, मोठा उर्दू वाचक आहे. त्याच्यासाठी उर्दू उर्दूच्या लिपीत लिहिलेली हवी, आणि ती निवडल्यावर सगळी स्क्रीन उजवीकडून डावीकडे वळलेली हवी. रकाने उजवीकडून आणि बटणे मात्र डावीकडून, असे अर्धवट वळण नको. वऱ्हाडी बोलीचे काय, असे मला विचारले जाते. बोली मला प्रिय आहे, पण बॅनरवर गमतीपुरते एक वऱ्हाडी वाक्य टाकायचे आणि खालचा फॉर्म इंग्रजीत ठेवायचा, हे मला पटत नाही. बोलीचा मान राखायचा तर ती बोलणाऱ्याचे काम आधी अडू देऊ नये. बटणांवर साधी मराठी असावी: ‘नोंदणी करा’, ‘पुढे’, ‘आधी नोंदवले आहे’. मागच्या यंत्रणेचे शब्द त्यावर येऊ देऊ नयेत.

चूक सांगण्याची रीतही शिकायला हवी. ‘अवैध इनपुट’ असे लिहिले की माणसाला आपणच अवैध असल्यासारखे वाटते. ‘क्रमांकात ९ आकडे आले आहेत, १० हवेत’ असे लिहिले की तो एक आकडा घालतो आणि पुढे जातो. चूक त्याच रकान्याखाली दिसावी. आधी भरलेले सगळे पुसले जाऊ नये. ही शेवटची गोष्ट कुणी पाळली नाही तर बाकी सगळी सजावट व्यर्थ आहे. पाच मिनिटे अंगठ्याने टाइप केलेले पुसले गेल्यावर पुन्हा भरणारे लोक फार कमी.

पासवर्डवर फार वेळ घेत नाही. ज्यांना खाते द्यायचेच, त्यांना मोठे अक्षर, छोटे अक्षर, आकडा आणि चिन्ह असे नियम लावू नयेत. २००३ साली अमेरिकेच्या मानक संस्थेसाठी बिल बर यांनी लिहिलेल्या मार्गदर्शिकेतून हे नियम जगभर पसरले. २०१७ मध्ये त्याच संस्थेने ते काढून टाकायला सांगितले, आणि बर यांनीही त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. निदान आठ अक्षरे, जास्त कितीही, चिकटवायची मुभा, लिहिलेले पाहायची सोय. एवढे पुरे. ऑक्टोबर २०२३ मध्ये वेबच्या सुलभता निकषांची २.२ ही आवृत्ती आली. लॉगिनसाठी काही लक्षात ठेवणे, अक्षरे पाहून उतरवणे, कोडे सोडवणे अशी परीक्षाच एकमेव वाट नसावी, आणि एकदा दिलेली माहिती त्याच कामात पुन्हा मागू नये, असे त्यात आहे. दृष्टी कमी झालेल्या आजोबांसाठी आणि वाचायला अडखळणाऱ्या मुलासाठी हे निकष आहेत. अक्षरे ठळक दिसावीत असेही ते सांगतात, म्हणून आपल्या उन्हाळ्यासाठीही ते आहेत. अकोल्याचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या उन्हात फिकट करड्या अक्षरांचा फॉर्म कुणालाच दिसत नाही.

इथे मला अमरावतीच्या इतिहासातली एक गोष्ट आठवते, आणि ती जपून सांगते. १९२७ साली याच शहरात अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह उभा राहिला. भाऊसाहेब देशमुख त्यात अग्रभागी होते आणि त्या नोव्हेंबरात इथे झालेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. तिथे माणसांना जाणूनबुजून दाराबाहेर ठेवले जात होते, आणि तो अपमान पिढ्यानपिढ्यांचा होता. त्याची आणि एखाद्या फॉर्मची बरोबरी होऊ शकत नाही. पण ज्या गावाने दारावर इतका मोठा प्रश्न विचारला, त्या गावातल्या आयोजकाने आपल्या दाराशी कोण अडते आहे हे स्वतःहून पाहावे, ही माझी अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही. स्क्रीनवर कुणी जाणूनबुजून कुणाला अडवत नाही. तरीही अडणारी माणसे कोण आहेत ते पाहिले तर तीच दिसतात: फोन नसलेली बाई, इंग्रजी न येणारा शेतकरी, मेळघाटातला कोरकू मुलगा.

हे पाहायचे कसे? त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. फॉर्म तयार झाला की तो घेऊन बसस्थानकावर जावे, बाजार समितीत जावे, आणि अनोळखी माणसाच्या हातात देऊन गप्प उभे राहावे. मदत करू नये. तो कुठे थांबतो, कुठला शब्द दोनदा वाचतो, कुठे मान वर करून आपल्याकडे बघतो, तिथे रचना चुकली आहे. आयोजक हे फॉर्म कार्यालयात, वायफायवर, आपल्या मोठ्या फोनवर तपासतात आणि समाधान मानतात. पाच-सात माणसांजवळ असे उभे राहिल्यावर बैठकीतले अर्धे वाद मिटतात, असा माझा अनुभव आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी दाराशी लॉगिन मागणे हा तर शुद्ध छळ आहे. गर्दीत नेटवर्क बसते. पावतीवरचा क्यूआर कोड स्क्रीनशॉटमधूनही चालला पाहिजे, छापील कागदावरूनही चालला पाहिजे. कार्यकर्त्याच्या फोनवर यादी आधीच उतरवून ठेवलेली असावी, म्हणजे नेट नसतानाही क्रमांकाच्या शेवटच्या चार आकड्यांवरून नाव सापडते. आणि बाजूला वही असावीच. वहीत नोंदवलेल्या माणसाला जेवणाचे कुपन त्याच रंगाचे मिळावे.

शेवटी गोळा केलेल्या माहितीबद्दल. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कामापुरतीच माहिती घ्यावी, ती कशासाठी घेतो ते सांगावे, आणि तो मजकूर राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचण्याची सोय द्यावी, असे कायदा सांगतो. मराठी त्यात आहे, उर्दूही आहे. १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते, त्यामुळे शालेय स्पर्धांचा फॉर्म मुलाच्या हातात देण्यापूर्वी विचार करावा. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने ग्राहकांना फसवणाऱ्या १३ रचनापद्धतींची यादी काढली. कामाशी संबंध नसलेली माहिती देणे किंवा नको असलेली सेवा घेणे भाग पाडणे हा प्रकार त्यात आहे. आपल्या मेळाव्यांच्या फॉर्मांत जन्मतारीख, आधार क्रमांक, व्यवसाय, उत्पन्न हे रकाने बहुधा जुन्या फॉर्मातून उचलून आलेले असतात. त्यांचे पुढे काय करायचे, हे समितीतल्या कुणालाच माहीत नसते. प्रत्येक रकान्यापुढे समितीतल्या एका माणसाचे नाव लिहावे: ही माहिती याला, अमुक कामासाठी हवी आहे. ज्याच्यापुढे नाव लिहिता येत नाही तो रकाना काढावा.

आणि काम झाल्यावर माहिती पुसावी. प्रायोजकाला यादी देणे, निवडणुकीच्या काळात तेच क्रमांक वापरले जाणे, हे प्रकार आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. यादीत नाव देणाऱ्याने विश्वासाने दिलेले असते. ज्याला पुढच्या वर्षी बोलावणे हवे आहे त्याच्यासाठी एक वेगळी चौकट ठेवावी, आणि ती आधीच टिक केलेली नसावी. बाकीच्यांचे क्रमांक प्रमाणपत्रे आणि हिशेब पूर्ण झाले की काढून टाकावेत, आणि ती तारीख नोंदणीच्या पहिल्याच स्क्रीनवर, नावाच्या रकान्याखाली, सगळ्यांना वाचता येईल एवढ्या अक्षरांत लिहिलेली असावी.